पॉलिहाऊसमधलं ऊन-सावलीचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस मावळात आहे. आधी त्यात जरबेरा होता, मध्ये तीन वर्षं ढोबळी मिरची केली, आता पुन्हा जरबेराच आहे. शेजारी आईसाठी केलेलं एक छोटं शेडनेट आहे, त्यात ती ऑर्किड आणि भाजीची रोपं सांभाळते. फोनवर, बांधावर आणि परवा तर लग्नाच्या पंगतीत, मठ्ठा वाढत असतानासुद्धा, लोक सावलीबद्दलच विचारतात. तेच तेच प्रश्न इथे एकदा लिहून टाकतोय.

किती टक्क्यांचं शेडनेट लावू?

कुठल्या पिकावर आणि कुठल्या महिन्यात, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. आधी एक साधा गुणाकार समजून घ्या, बरेच घोटाळे तिथेच मिटतात.

मे महिन्यात भर दुपारी उघड्या रानात साधारण १,००,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. चांगल्या अवस्थेतली फिल्म (छताचं प्लॅस्टिक), गटर (दोन छतांमधली पन्हळ), पाइप असं सगळं धरून पॉलिहाऊसच्या आत त्यातला ७०% येतो. म्हणजे ७०,०००. त्याखाली ५०% चं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं, नेट ओढलं की रोपावर पडतो ३५,०००. लोक समजतात ५०% चं नेट म्हणजे निम्मं ऊन मिळतं. प्रत्यक्षात तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर मिळतं. फिल्म तिसऱ्या वर्षाची आणि धुळीने माखलेली असेल तर हेच ३०,००० वर येतं.

आता जुलैचा ढगाळ दिवस घ्या. बाहेर २५,००० लक्स, फिल्मखाली साडेसतरा हजार, आणि नेट तसंच ओढलेलं राहिलं असेल तर पावणेनऊ हजार. नेट तेच, शेतकरी तोच, पण आता जरबेऱ्याला फॅलेनॉप्सिस ऑर्किडपेक्षाही कमी उजेडात बसवलंय. म्हणून नेट किती टक्क्यांचं यापेक्षा ते ओढता-सारता येतं का, हे मी आधी विचारतो. खिळे मारून कायमचं ताणलेलं नेट पॉलिहाऊसच्या आत नकोच.

दुपारच्या उजेडाचे ढोबळ आकडे असे: गुलाबाला ६० ते ७० हजार लक्स, ढोबळीला ५० ते ६० हजार, जरबेऱ्याला ३५ ते ४५ हजार, अँथुरियमला १५ ते २५ हजार. जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं.

हिवाळ्यात उजेड सगळ्यात कमी असतो ना? मग नोव्हेंबरात काय करायचं?

हे परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आलंय. हॉलंडमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजावर चौदा-पंधरा अंशच चढतो. तिथला बागवान हिवाळ्याला घाबरतो ते बरोबरच आहे. पुण्यात डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांचा असतो, आकाश स्वच्छ असतं आणि दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो.

आपले अंधाराचे महिने जुलै आणि ऑगस्ट. दिवस साडेबारा ते सव्वातेरा तासांचा असूनही ढगांमुळे जमिनीपर्यंत पोचणारी ऊर्जा मे महिन्याच्या दोन-तृतीयांशच्या आसपास उतरते, आणि मावळ-मुळशीच्या घाटाकडच्या पट्ट्यात त्याहून खाली. पुण्यात सरासरीने जुलै-ऑगस्ट डिसेंबरपेक्षाही अंधारे असतात. थंडीत जरबेरा मंदावतो तो मुख्यतः रात्रीच्या गारठ्याने. पावसाळ्यात मंदावतो तो उपासमारीने.

नेट कधी ओढायचं आणि कधी सारायचं?

आमच्याकडे जे चालतं ते सांगतो. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळा लवकर लागतो, तिथे सगळं दोन-तीन आठवडे आधी धरा.

होळीच्या आसपास दुपारी आतलं तापमान ३४-३५ अंशांवर जायला लागलं की नेट सुरू. सुरुवातीला बारा ते तीन. एप्रिल-मेमध्ये साडेदहा-अकरा ते चार. सकाळचं ऊन झाडाला पूर्ण मिळू द्यायचं, कारण त्या वेळी पान गार असतं, पर्णरंध्रं उघडी असतात आणि अन्न जोरात तयार होतं. दुपारी एकला हवा कोरडी पडली की झाड पाणी वाचवायला रंध्रं मिटतं. त्यानंतरचं कडक ऊन त्याच्या कामाचं नसतं, पान तापतं एवढंच. सकाळी आठला नेट ओढून संध्याकाळी सहाला सारणारा माणूस झाडाच्या ताटातली गरम भाकरी काढून घेतो आणि शिळी ठेवतो.

मे महिन्यात ढग येतात, वळवाचा पाऊस पडतो. ढगाळ दुपारी नेट ओढू नका. 'रोज अकराला ओढ' असं गड्याला सांगितलं की तो आभाळ न बघता ओढतो, त्यात त्याची चूक नाही. आम्ही दाराशी पाटी लावली आहे: 'आपली सावली काळी कुळकुळीत पडली तर ओढ, पुसट पडली तर राहू दे.' घड्याळापेक्षा हे बरं चालतं.

मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, नेट पूर्ण गोळा करून गटरखाली बांधायचं. माझ्याकडून एका वर्षी हेच राहिलं. घरात लग्न होतं आणि पाऊस लवकर आला, नेट अर्धवट सारलेलं तसंच आषाढभर राहिलं. पश्चिमेकडच्या चार बेडवर नेट होतं, पूर्वेकडच्या चारांवर नव्हतं. जुलैच्या शेवटी खुडणीला गेलो तर पूर्वेकडे एका फेरीत बादली भरायची आणि पश्चिमेकडे तळ झाकत नव्हता. दांडेही करंगळीच्या निम्मे. खत एक, पाणी एक, जात एक. त्या दिवसापासून मला सावली या विषयावर कुणी काही शिकवायची गरज पडलेली नाही.

श्रावणात नेट काढून ठेवलं, मध्येच कडक ऊन पडलं आणि पानं भाजली. म्हणजे नेट काढणं चुकलं का?

काढणं बरोबरच होतं. पण हा धोका खरा आहे, आणि तो सगळ्यात जास्त ऑक्टोबरात असतो. माझ्या बघण्यात पानं भाजण्याच्या तक्रारी मेपेक्षा दसऱ्याच्या आसपास जास्त येतात.

कारण असं: दीड-दोन महिने कमी उजेडात वाढलेलं पान मोठं, पातळ आणि कोवळं असतं. मिळेल तेवढा उजेड गोळा करायला ते तयार झालेलं असतं, जास्तीचा उजेड सोसायला नाही. हस्ताचा पाऊस ओसरतो, आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, धूळ नसते, आणि एकाएकी बाहेर ८०-९० हजार लक्स होतात, त्यातले ५५-६० हजार फिल्ममधून त्या पानावर कोसळतात. मेमधलं पान मार्च-एप्रिलच्या उन्हात हळूहळू निबर झालेलं असतं, त्याला ते चालतं.

म्हणून पावसाने उघडीप दिली की पहिले आठ-दहा दिवस दुपारी दोन-अडीच तास नेट ओढा. मग रोज थोडं थोडं कमी करत दिवाळीपर्यंत पूर्ण बंद. नेट पावसाळ्यात गोळा करायचं, उतरवून गोदामात टाकायचं नाही, ते याचसाठी. श्रावणातल्या तासाभराच्या उन्हाला मात्र धावपळ करू नका. सलग दोन दिवस लख्ख ऊन पडलं तरच दोरीला हात लावा.

उजेड मोजायचा कसा? महागडं यंत्र लागतं का?

साधा लक्समीटर हजार-दीड हजारात मिळतो आणि वर्षानुवर्षं चालतो. मोबाइलवरचं ॲप आकडा नेमका सांगत नाही, पण तुलनेला पुरतं, आणि आपल्याला तुलनाच हवी असते.

दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, ढग नसलेला दिवस बघा. फोनचा सेन्सर पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तेव्हा पडदा आभाळाकडे करून फोन सपाट धरा. आधी बाहेर उघड्यावर, मग दोन मिनिटांच्या आत फिल्मखाली, मग नेटखाली. रोपाच्या शेंड्याच्या उंचीला धरा आणि अंगाची सावली पडू देऊ नका. गटरखाली एक, बेडच्या मध्ये एक, कोपऱ्यात एक अशी पाच-सहा मापं घेऊन सरासरी काढा. आतला आकडा भागिले बाहेरचा, गुणिले शंभर. झालं.

याच पद्धतीने मी एकदा नव्या नेटचा तुकडा तपासला. दुकानदाराने ५०% म्हणून दिलेलं ते नेट ६८% ऊन अडवत होतं. तेव्हापासून थान घेण्याआधी वीतभर तुकडा मागून घेतो आणि दुकानाच्या बाहेर उन्हात उभं राहून बघतो. लोक हसतात.

अजून खोलात जायचं असेल तर दिवसभरात मिळालेल्या एकूण उजेडाचा हिशेब करतात, मोल या एककात (दर चौरस मीटरवर दिवसभरात पडलेल्या प्रकाशकणांचं माप). मे महिन्यात बाहेर दिवसाला ५० मोलच्या आसपास उजेड असतो, जुलैत सरासरी तिशीच्या घरात, आणि झडीच्या दिवशी दहा-पंधरासुद्धा. फिल्मखाली दोन-तृतीयांश धरा. ढोबळीला २० ते ३० लागतात, जरबेरा बारा-पंधराच्या खाली गेला की फुलं रोडावतात. जुलैत नेटखाली किती उरतात ते आता तुम्हीच काढा.

मोजमाप नको, रोपाकडे बघून कळतं का?

कळतं, पण रोप उशिरा बोलतं. आज दिसतं ते पंधरा दिवसांपूर्वीचं असतं.

उजेड कमी पडला की जरबेऱ्याचे देठ लांबतात, पानं मोठी, गडद आणि मऊ होतात, फुलाचा दांडा बारीक होऊन मान टाकतो. ढोबळीत पेरं लांबतात, फुलं आणि बारीक फळं गळतात. गुलाबात फुटव्याला कळीच येत नाही, नुसताच आंधळा फुटवा वाढतो. ऊन जास्त झालं की दांडे आखूड, पानं वाटीसारखी वळलेली, कडा करपलेल्या. ढोबळीच्या फळावर, बहुतेक वेळा पश्चिमेच्या अंगाला, पांढुरका कागदी चट्टा पडतो. तो उन्हाचा चट्टा. पुढे त्याच्यावर काळी बुरशी बसते आणि लोक बुरशीनाशक मारत बसतात. नेट अर्धा तास आधी ओढलं असतं तर तो खर्च वाचला असता.

ऑर्किडचं पान यात सगळ्यात प्रामाणिक. गडद हिरवं म्हणजे उजेड कमी, पोपटी म्हणजे बरोबर, तांबूस किंवा पिवळट म्हणजे जास्त.

हिरवं, पांढरं, काळं, चंदेरी: कुठलं नेट चांगलं?

हिरवं नेट आपल्याकडे इतकं रुजलंय की शेडनेट म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवाच रंग येतो. स्वस्त असतं, सगळीकडे मिळतं. पण ते झाडाला सगळ्यात कमी उपयोगाचा हिरवा उजेड आत सोडतं आणि जास्त उपयोगाचा तांबडा-निळा अडवतं. काळं सगळ्याच रंगांचा उजेड सारखाच कमी करतं, मात्र स्वतः तापतं. पांढरं उजेड पसरवून देतं, त्यामुळे खालच्या पानांपर्यंतही तो पोचतो. पॉलिहाऊसच्या आत मी पांढरं लावतो. चंदेरी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं उष्णता परतवतं आणि थंडीच्या रात्री ओढलं तर आतली ऊबही थोडी धरून ठेवतं. गुण सगळ्यात चांगले, किंमतही सगळ्यात जास्त.

नुसत्या रोपवाटिकेसाठी हिरवं चालतं. जरबेऱ्यासाठी पैसे थोडे जास्त मोजा.

नेट फिल्मच्या आत लावायचं की वरून?

वरून लावलं तर ऊन बाहेरच अडतं आणि आत गारवा जास्त राहतो. आत लावलं तर ऊन आधी फिल्ममधून आत येतं, नेट तापतं, आणि ती उष्णता आतच राहते. शास्त्र बाहेरच्या बाजूने आहे. पण आमच्याकडे मे महिन्यातली वावटळ आणि जूनमधला वारा असा असतो की बाहेरचं नेट पहिल्याच वर्षी चिंध्या होऊन शेजाऱ्याच्या उसात जाऊन पडेल. वरचं नेट ओढा-सारायलाही अवघड. म्हणून बहुतेकांचं आत, गटरच्या उंचीला, तारेवर सरकणारं असतं. तुमचं शेत आडोशाचं असेल तर बाहेरचा विचार जरूर करा.

नेट ओढलं तरी आत उकडतंच. टक्के वाढवू का?

आधी वर बघा. छताची खिडकी नेटच्या वर आहे आणि नेट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट ताणलेलं आहे, असं असेल तर गरम हवा वर जाणार कुठून? नेटच्या कडेला आणि प्रत्येक गाळ्यात (दोन गटरांमधल्या भागात) फूटभर फट ठेवा. बाजूचे पडदे पूर्ण उघडा. कीडरोधक जाळी धुळीने बुजली असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. आमच्याकडे नुसतं हे केल्यावर फरक जाणवला होता, तीनेक अंशांचा.

सावलीने उजेड कमी होतो आणि त्याबरोबर थोडी उष्णता. नुसत्या उकाड्यासाठी सावली वाढवत नेली तर झाड उपाशी राहतं. उकाड्यावर इलाज वाऱ्याचा, मग फॉगरचा (पाण्याचं बारीक धुकं सोडणाऱ्या तोट्यांचा), मग सावलीचा, याच क्रमाने.

फिल्मवर चुना मारला तर चालेल का? गावात सगळे मारतात.

सोय म्हणून वाईट नाही, विशेषतः ज्यांच्याकडे सरकणारं नेट नाही त्यांना. चुन्यापेक्षा खडूची भुकटी बरी, कारण चुना तीव्र असतो आणि गॅल्व्हनाइझ्ड पाइपवर, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर ओघळला तर त्यांना खातो. आधी एका गाळ्यावर पातळ हात मारून लक्समीटरने बघा, मग पुढे जा.

यात चूक होते ती डिंकाच्या प्रमाणात. मार्चमध्ये मारलेला थर जूनच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत निघून जायला हवा. मी पहिल्या वर्षी 'टिकलं पाहिजे' म्हणून चिकटद्रव्य सढळ हाताने घातलं. ते टिकलं. जुलैत भर पावसात दोघांनी गटरवर बसून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने ते घासून काढलं, तरी पट्टे राहिलेच. शिवाय हा थर सकाळच्या कोवळ्या उन्हालाही तेवढाच अडवतो, त्याला दोरी नसते.

फिल्म कधी धुवायची?

दसरा ते दिवाळीच्या मध्ये एकदा नक्की. पावसाळ्यात दुमडींत आणि गटरच्या बाजूला शेवाळ धरतं, त्यावर पुढे हिवाळ्याची धूळ बसते. थंडीत सूर्य तिरपा असतो, म्हणून बाजूचे पडदेही पुसा. साधं पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ मॉप. ब्लीचिंग पावडर नको. गंधक आणि क्लोरीनने फिल्मचं आयुष्य कमी होतं, भुरीसाठी गंधकाची धुरी देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

मार्चनंतर मात्र धुवू नका. ती धूळ म्हणजे फुकटचं नेट आहे, पहिला पाऊस ती धुऊन नेतोच.

पॉलिहाऊस दक्षिण-उत्तर का बांधतात? आणि बांधावरच्या झाडाचं काय?

गटर दक्षिण-उत्तर असलं की त्याची सावली सकाळी पश्चिमेला आणि दुपारनंतर पूर्वेला सरकत राहते, एकाच बेडवर दिवसभर मुक्काम करत नाही. पूर्व-पश्चिम गटरची सावली हिवाळ्यात एकाच ओळीवर बसून राहते, आणि त्या ओळीची फुलं वर्षभर तुम्हाला टोमणे मारतात.

झाडांसाठी हिशेब सोपा आहे. पुण्याच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरला भर दुपारची सावली उंचीच्या ०.९ पट असते आणि उत्तरेकडे पडते. तीस फुटी झाड दक्षिणेच्या बांधावर असेल तर दुपारी सत्तावीस फूट सावली. सकाळी साडेआठला तीच उंचीच्या तिपटीच्या आसपास असते, वायव्येकडे तोंड करून. याउलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला जातो आणि सावली दक्षिणेला पडते. या दोन्हींच्या सीमेवर शून्य सावलीचे दिवस येतात. पुण्यात पहिला १३ मेच्या सुमारास, मुंबईत दोन दिवस नंतर, पणजीत मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेला. पुण्यातला दुसरा जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा ढगांतून सूर्यच दिसत नाही, तर सावली कुठली बघणार?

मुद्दा एवढाच, की जागा मेमध्ये पाहून पक्की करू नका. मेमध्ये सगळीच जागा उन्हाची दिसते.

शेवंतीला रात्री दिवे का लावतात? आम्हीही जरबेऱ्याला लावू का?

जरबेऱ्याला त्याने काही होणार नाही. शेवंतीचं प्रकरण वेगळं आहे. तिला उजेड किती यापेक्षा रात्र किती लांब यावरून कळी धरायची की नाही ते ठरवायचं असतं. हिवाळ्यात अकरा-साडेअकरा तासांचा दिवस मिळाला की वीतभर रोपालाच कळी येते आणि दांडा मिळत नाही. म्हणून लागवडीनंतर चारेक आठवडे रात्री दहा ते दोन दिवे लावून तिची रात्र मध्येच तोडतात. रोपावर शंभरेक लक्स पुरतात.

उन्हाळ्यात उलटं. दिवस सव्वातेरा तासांवर जातो, वर संधिप्रकाश. कळी लांबते, म्हणून काळं कापड ओढून दिवस लहान करतात. एप्रिलमध्ये संध्याकाळी पाचलाच काळं कापड ओढलं तर खाली भट्टी होते आणि त्या उष्णतेनेच कळी आणखी लांबते. साडेसहाला ओढा, सकाळी साडेसातला सारा, तेरा तासांची रात्र मिळते. रस्त्याच्या दिव्याचा झोत आत येत असेल तर त्या कोपऱ्यातली शेवंती मागे पडेल. चांदण्याने मात्र काही होत नाही, हे दर पौर्णिमेला कुणीतरी विचारतंच.

मग पावसाळ्यात उजेड वाढवायला ग्रो-लाइट?

दहा गुंठ्यांवर जरबेऱ्यासाठी परवडत नाही. पावसाळ्यात फुलाला भाव नसतो आणि वीजबिल पूर्ण येतं. त्यापेक्षा जुनी मोठी खालची पानं काढा, फिल्म स्वच्छ ठेवा, आणि ड्रिपची वेळ कमी करा. अंधारात झाड पाणी कमी पितं, तरी आपण मेच्या हिशेबाने पाजत राहतो, आणि मग बोट्रायटिस (फुलावरची राखाडी बुरशी) आणि मूळकूज दोन्ही येतात.

कोकणात किंवा गोव्यात ऑर्किड, अँथुरियम करायचं आहे. तिथे ७५% नेट कायमचं लावतात, ते बरोबर का?

अँथुरियमला आणि फॅलेनॉप्सिसला उन्हाळ्यात ७५% लागतं, हे खरं. डेंड्रोबियम ऑर्किडला ५०% पुरतं. पण कोकणातला पावसाळा आमच्यापेक्षाही अंधारा. तिथे एकच ७५% चं नेट ताणण्याऐवजी ५०% चे दोन थर करा, खालचा कायमचा आणि वरचा सरकता. ५० वर ५० म्हणजे १०० नव्हे, ७५ होतात, कारण दुसरा थर उरलेल्याच्या निम्मं अडवतो. जूनमध्ये वरचा थर सारला की ५०% उरलं. डेंड्रोबियमला तेव्हा तेवढंही जड होतं, पण पावसापासून आडोसा हवाच असतो.

भाजीच्या रोपांना किती दिवस सावली?

उगवण आणि पहिले दोन-तीन आठवडे ५०% च्या नेटखाली. शेवटचे आठ-दहा दिवस आधी सकाळचं, मग पूर्ण दिवसाचं ऊन द्या आणि पाणी थोडं ताणा. नेटखालून थेट शेतात नेलेलं मिरचीचं रोप दुसऱ्या दिवशी दुपारी माना टाकतं आणि दोष रोपवाटिकेला जातो.

मी न्यू जर्सीत राहतो. परसात छोटं ग्रीनहाऊस आहे, कढीपत्ता आणि मोगरा जगवायचाय.

तुमचं गणित आमच्या उलट. २१ डिसेंबरला तुमच्याकडे भर दुपारी सूर्य २६ अंशांवर आणि दिवस सव्वानऊ तासांचा. वस्तूच्या दुप्पट लांब सावली पडते, म्हणून दक्षिणेला कुंपण किंवा घर नको, आणि आढं पूर्व-पश्चिम हवं म्हणजे लांब बाजू सूर्याकडे येते. ऑक्टोबर ते मार्च सावलीचा विचारच सोडा. कढीपत्त्याने पानं गाळली तर घाबरून पाणी वाढवू नका, तो झोपतो आणि वसंतात फुटतो. एप्रिल-मेमध्ये बाहेर काढताना मात्र आठवडाभर झाडाखाली ठेवून मग उन्हात आणा. आमच्या ऑक्टोबरासारखीच तुमच्याकडे तेव्हा पानं भाजतात.

प्रशिक्षण कुठे मिळेल?

तळेगाव दाभाड्याला राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेत पॉलिहाऊसचे अभ्यासक्रम असतात. अनुदानाचं तालुका कृषी कार्यालयात विचारा, मला नको.

नेट किती वर्षं टिकतं?

यूव्ही संस्कार केलेलं चांगलं नेट आत लावलं तर तीन ते पाच वर्षं. ते फाटतं ते उन्हाने कमी आणि ओढताना तारेच्या गाठीत अडकून जास्त, म्हणून वर्षातून एकदा तारेवरून फडकं फिरवून बघा, धागा अडकतो तिथे गाठ आहे.

गोळा केलेली गुंडाळी गटरच्या बरोबर खाली बांधा. मध्येच बांधलीत तर तिचीच वीतभर रुंद सावली बेडवर पट्टा ओढते. आणि बांधण्याआधी आतून झटका. आम्ही एका सप्टेंबरात दोरी ओढली, तर गुंडाळीतून उंदराचं घरटं आणि चार लालभडक पिल्लं खाली जरबेऱ्यात पडली. नेट उघडल्यावर सहा ठिकाणी मूठभर मोठी भोकं दिसली. त्या भोकांतून पडलेले उन्हाचे गोल कवडसे अजूनही दुपारी तिसऱ्या बेडवरून चालत जातात, आणि आई म्हणते तिथलीच फुलं बरी येतात.